समांतर रेषांपुरते लिब्रेकॅड

घराचा नकाशा जवळून पाहिला, तर त्यात समांतर रेषांखेरीज फारसे काही नसते. भिंतीच्या दोन बाजू, गिलाव्याची रेषा, जिन्याच्या पायऱ्या, छपराचे वासे आणि रिपा, कुंपणाच्या आत सोडायची मोकळी जागा, गटाराचे दोन काठ, हे सारे एका रेषेपासून ठरलेल्या अंतरावर काढलेल्या दुसऱ्या रेषेचेच प्रकार होत. त्यामुळे आरेखनाच्या एखाद्या संगणकप्रणालीवर पैसे किंवा वेळ घालवावा की नाही, हे ठरवताना मी सर्वांत आधी तिच्यात समांतर रेषा कशी निघते ते पाहते. फोंड्यातल्या माझ्या दोन टेबलांच्या कार्यालयात गेली चार वर्षे लिब्रेकॅड वापरात आहे. त्याआधी नोकरीत बरीच वर्षे ऑटोकॅड या विकतच्या आरेखन प्रणालीवर काम केले आणि त्याही आधी ड्रॉइंग बोर्डावर मिनी-ड्राफ्टर लावून ट्रेसिंग पेपरवर शाईने नकाशे काढले. या तिन्हींच्या तुलनेतून लिब्रेकॅडविषयी जे मत झाले, ते येथे मांडत आहे, आणि तेही समांतर रेषांपुरतेच.

ज्यांना ही प्रणाली ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर लिब्रेकॅड ही केवळ द्विमितीय आरेखनाची मुक्त प्रणाली आहे. क्यूकॅड या आरेखन प्रणालीच्या सामुदायिक आवृत्तीतून ती 2010 च्या सुमारास वेगळी झाली, जीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळते आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. तिला किंमत नाही. ऑटोकॅडचा कायमचा नवा परवाना 2016 पासून विकत मिळत नाही, वर्गणी भरत राहावी लागते, आणि महिन्याला चार-दोन घरांचे नकाशे करणाऱ्या कार्यालयाला ती वर्गणी जाणवते. मी लिब्रेकॅडकडे वळले ते याच कारणाने, तत्त्वनिष्ठा म्हणून नव्हे.

बोर्डाची आठवण येथे निव्वळ स्मरणरंजन म्हणून काढत नाही. मिनी-ड्राफ्टरची रचनाच मुळी दोन समांतरभुज चौकोनांची असते, आणि म्हणून त्याचे डोके कागदावर कुठेही नेले तरी पट्टीचा कोन बदलत नाही. तेथे समांतरपणा आपोआप मिळत असे आणि अंतर मात्र कष्टाने राखावे लागे: स्केल ठेवायचा, टोकदार पेन्सिलीने खूण करायची, पट्टी त्या खुणेवर आणायची, आणि पेनाची निब पट्टीपासून किती दूर चालते याचा अंदाज धरायचा. संगणकावर अंतर एका आकड्यात मिळते. मग कष्ट जातात ते वेगळ्याच दोन गोष्टींत: अंतर कुठल्या रेषेपासून मोजायचे हे ठरवण्यात, आणि निघालेल्या रेषा कोपऱ्यात जुळवण्यात. लिब्रेकॅड पहिल्या गोष्टीत चांगली मदत करते; दुसऱ्या गोष्टीत ते कामाचा बराचसा भाग आपल्यावर टाकते.

रेषांच्या मेनूत ‘पॅरलल’ नावाचे साधन आहे. ते निवडले की वरच्या पट्टीत दोन चौकटी दिसतात, एक अंतराची आणि दुसरी संख्येची. अंतर भरून कर्सर मूळ रेषेजवळ नेला की नवी रेषा कुठे पडेल ते आधीच दिसते. कर्सर रेषेच्या ज्या बाजूला असेल त्या बाजूला ती दिसते, आणि क्लिक करताच पक्की होते. ऑटोकॅडमध्ये ‘ओ’ (म्हणजे ऑफसेट, समांतर रेषा काढण्याची आज्ञा) टाइप करून एंटर, मग अंतर, मग वस्तू निवडणे, मग बाजू दाखवण्यासाठी आणखी एक क्लिक, असा क्रम असतो. येथे वस्तू आणि बाजू एकाच क्लिकमध्ये ठरतात. दिवसाला दोन-तीनशे समांतर रेषा काढणाऱ्याच्या मनगटाला हा फरक संध्याकाळपर्यंत कळतो. वर्तुळ किंवा चाप निवडला, तर त्याच साधनाने एककेंद्री वर्तुळ किंवा चाप निघतो.

अंतराच्या चौकटीत नुसता आकडाच नव्हे, तर बेरीज-गुणाकारही लिहिता येतो, ही सोय मला सर्वाधिक आवडली, आणि तिच्यामागे माझी एक जुनी चूक आहे. एका घराच्या स्वयंपाकघराची रुंदी मालकिणीला बरोबर 3000 मिलीमीटर हवी होती, कारण ओट्याचा ग्रॅनाइट त्या मापाचा कापून येणार होता. मी दोन समांतर रेषा 3000 च्या अंतराने काढल्या आणि त्या चिऱ्याच्या, म्हणजे गिलाव्याआधीच्या उघड्या भिंतीच्या, आहेत की गिलाव्याच्या याचा नकाशात कुठेही उल्लेख केला नाही. गवंड्याने त्या चिऱ्याच्या समजून भिंत बांधली, दोन्ही बाजूंना 12 मिलीमीटरचा गिलावा झाला, खोली 2976 ची उरली आणि दगड पुन्हा कापावा लागला. चूक संपूर्णपणे माझी होती. पुढच्या कामावर तेच मेस्त्री नकाशा उलगडून पहिला प्रश्न विचारते झाले, “बाई, ही रेषा चिऱ्याची की गिलाव्याची?” तेव्हापासून अंतराच्या चौकटीत मी 3024 असे न लिहिता 3000+12+12 असे लिहिते. उत्तर तेच येते, पण लिहिताना बोटांना दोन्ही गिलावे आठवतात.

याच संदर्भात थरांची, म्हणजे लेयरची, गोष्ट सांगायला हवी; ऑटोकॅडवरून आलेला माणूस येथे हमखास गोंधळतो. ऑटोकॅडच्या ऑफसेट आज्ञेत नवी रेषा सामान्यतः मूळ रेषेच्याच लेयरवर जाते. ती चालू लेयरवर हवी असेल, तर आज्ञेतला ‘लेयर’ हा पर्याय बदलावा लागतो. लिब्रेकॅडमध्ये नवी समांतर रेषा चालू लेयरवर आणि चालू पेनाने (म्हणजे रंग व जाडीने) निघते, मग मूळ रेषा कुठल्याही लेयरवरची असो. पहिल्या आठवड्यात यामुळे माझ्या भिंती फर्निचरच्या लेयरवर जाऊन बसल्या आणि मी वैतागले. नंतर लक्षात आले की गिलाव्यासाठी हीच पद्धत सोयीची आहे. गिलाव्याचा लेयर चालू करायचा, अंतर 12 ठेवायचे, आणि चिऱ्याच्या प्रत्येक रेषेवर आतल्या बाजूने एकेक क्लिक करत खोलीभर फिरायचे. रंग व जाडी बदलण्याचे वेगळे काम उरत नाही, आणि छापील नकाशात कुठली रेषा कशाची हा मेस्त्रींचा प्रश्न रेषेच्या जाडीवरूनच सुटतो.

संख्येच्या चौकटीचा उपयोग जिन्यात आणि छपरात होतो. पहिल्या पायरीची रेषा काढून अंतर 250 आणि संख्या 11 भरली की एका क्लिकमध्ये जिना उभा राहतो. मंगळुरी कौलांच्या छपरातल्या रिपांसाठी मात्र थोडा विचार करावा लागतो. रिपांमधले अंतर सुतार उतारावर मोजतो. आपण नकाशात छप्पर वरून पाहिलेले दाखवतो, आणि त्यात तेच अंतर कमी दिसायला हवे. उतार 30 अंशांचा आणि रिपांचे अंतर 320 मिलीमीटर असेल, तर नकाशात 320 गुणिले 0.866 (30 अंशांच्या कोसाइनची किंमत), म्हणजे साधारण 277 मिलीमीटर येते. पागोळीच्या रेषेपासून आढ्यापर्यंतचे आडवे अंतर 4000 असताना 320 ने रेषा काढल्या तर 12 रिपा मावतात, आणि 277 ने काढल्या तर 14. प्रत्येक उताराला दोन रिपा कमी मोजून लाकडाचा अंदाज दिला, तर सुतार काय म्हणेल ते सांगायला नको. चौकटीत 320*0.866 असे लिहून संख्या 14 भरणे हे दहा सेकंदांचे काम आहे.

एक सावधगिरी येथेच नोंदवते. अंतर आणि संख्या या दोन्ही चौकटी मागच्या वेळचे मूल्य लक्षात ठेवतात. अंतराबाबत ते बरे असते, ऑटोकॅडही ते करते. पण संख्येबाबत त्रासाचे होते. रिपा संपवून भिंतीकडे वळल्यावर संख्या 14 तशीच राहिली, तर भिंतीऐवजी शेताचे वाफे उमटतात.

आता कोपरे. समांतर साधनाने निघालेली रेषा मूळ रेषेइतक्याच लांबीची असते. खोलीच्या चार आतल्या रेषांपासून 230 मिलीमीटर बाहेर चार रेषा काढल्या, की चारही कोपरे उघडे राहतात, आणि आत काढल्या तर रेषा एकमेकींना ओलांडून जातात. ‘ट्रिम टू’ हे साधन दोन्ही रेषा एकाच वेळी कोपऱ्यापर्यंत वाढवते किंवा छाटते आणि त्याचे काम चोख आहे. पण प्रत्येक कोपऱ्यासाठी ते वेगळे वापरावे लागते. राजांगण, म्हणजे मधले उघडे अंगण, असलेल्या जुन्या घराचा मोजणी-नकाशा करताना, जिथे आतले कोपरेच वीस-बावीस असतात, हे काम अंगावर येते. ऑटोकॅडमध्ये बंद पॉलिलाइन, म्हणजे अनेक तुकडे जोडून झालेली सलग एकच रेषा, ऑफसेट केली, की कोपऱ्यांसकट सारा आकार एकदम निघतो. लिब्रेकॅडचे पॅरलल साधन पॉलिलाइनवर क्लिक केल्यास जिथे क्लिक केले तेवढ्याच तुकड्याची समांतर रेषा देते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की प्रणालीला पॉलिलाइन ऑफसेट करताच येत नाही, आणि अनेक जण याच टप्प्यावर तिला सोडून देतात.

तसे नाही. पॉलिलाइनच्या मेनूत समान अंतरावरची पॉलिलाइन काढण्याचे वेगळे साधन आहे, त्यालाही अंतर व संख्या देता येते, आणि ते कोपरे जोडून देते. ते साधन अशा ठिकाणी का दडवले आहे, हे मला आजवर कळलेले नाही. समांतर रेषा हवी असणारा माणूस रेषांच्या मेनूत शोधतो. तिथे एखादी खूण असती, तर निम्मी नाराजी मिटली असती. या साधनाशी ओळख झाल्यापासून मी भिंतींची आतली बाजू मुळातच पॉलिलाइनने काढते आणि बाहेरची बाजू त्याच साधनाने घेते. दारे-खिडक्या नंतर छाटल्या जातात.

सेटबॅकच्या, म्हणजे हद्दीपासून सोडायच्या मोकळ्या जागेच्या, रेषेत मात्र या साधनाचे आंधळे अनुकरण महागात पडू शकते, आणि हा मुद्दा ऑटोकॅडलाही तितकाच लागू आहे. गोव्यातले भूखंड कागदावर आखलेल्या वसाहतींइतके चौकोनी नसतात. एका बाजूला व्हाळ (ओढा), दुसरीकडे शेजाऱ्याचा जुना गडगा (दगडी कुंपण), मध्येच कुणाच्या तरी विहिरीसाठी आत घुसलेला काटकोन, असे त्यांचे आकार असतात. समजा हद्दीपासून 3 मीटर सोडायचे आहेत आणि शेजारच्या जमिनीचा एक काटकोनी कोपरा आपल्या भूखंडात घुसलेला आहे. हद्दीची पॉलिलाइन 3 मीटर आत घेतली, की प्रणाली दोन्ही समांतर रेषा वाढवून टोकदार कोपऱ्यात जोडते. ते टोक हद्दीच्या कोपऱ्यापासून 3 मीटरवर नसते, 4.24 मीटरवर असते. प्रत्यक्षात त्या कोपऱ्यापासून बरोबर 3 मीटरवर असलेले सारे बिंदू चापावर येतात. टोकदार कोपरा आणि चाप यांच्यामधले क्षेत्रफळ 9 वजा 7.07, म्हणजे 1.93 चौरस मीटर भरते. एका संडास-न्हाणीघराएवढी जागा केवळ प्रणालीच्या सवयीमुळे मालकाच्या हातून जाते. ऑटोकॅडमध्ये ‘ऑफसेटगॅपटाइप’ या चलाचे मूल्य 0 वरून 1 केले, तर असे कोपरे चापाने जोडले जातात. लिब्रेकॅडमध्ये मी त्या कोपऱ्याभोवती 3 मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून हातानेच छाटते. मंजुरी देणारे कार्यालय चाप मान्य करते की टोकदार रेषाच मागते, हे आधी विचारून घ्यावे. पण दोन्हींत फरक आहे, एवढे तरी आरेखकाला ठाऊक असावे.

समांतर रेषेचा आणखी एक प्रकार मी रोज वापरते, तो म्हणजे दिलेल्या बिंदूतून जाणारी समांतर. अंतर माहीत नसते, पण रेषा कुठून जायला हवी ते माहीत असते: रस्त्याच्या मध्यरेषेला समांतर आणि विजेच्या खांबाच्या कडेतून जाणारी, किंवा गडग्याला समांतर आणि माडाच्या बुंध्याला लागून. लिब्रेकॅडमध्ये यासाठी स्वतंत्र साधन आहे. ऑटोकॅडमध्ये ऑफसेटचाच ‘थ्रू’ पर्याय हे काम करतो. या बाबतीत दोघांत डावे-उजवे करण्यासारखे काही नाही. ऑटोकॅडमध्ये याशिवाय समांतरपणा पकडणारा ऑब्जेक्ट स्नॅप आहे, ज्यात कर्सर जुन्या रेषेवर क्षणभर थांबवून नवी रेषा तिच्या दिशेने ओढता येते. लिब्रेकॅडच्या स्नॅपमध्ये तसे काही मला मिळालेले नाही, आणि त्याची उणीव जाणवते.

दुसऱ्या कार्यालयातून आलेली फाइल तपासताना लिब्रेकॅडची माहिती देणारी साधने उपयोगी पडली. गेल्या वर्षी एका नकाशातल्या कुंपणाच्या दोन रेषा डोळ्यांना अगदी समांतर दिसत होत्या. एका टोकाला अंतर 6000 होते आणि दुसऱ्या टोकाला 6013. पंधरा मीटर लांबीत 13 मिलीमीटरची तफावत, म्हणजे कोनात 0.05 अंशाचा फरक. कुणीतरी एक रेषा समांतर साधनाने न काढता दोन बिंदू अंदाजाने टिपून ओढली असावी. दोन रेषांमधला कोन सांगणारे साधन माहितीच्या मेनूत आहे, पण ते वापरण्याआधी नकाशाच्या पसंतींमध्ये (प्रेफरन्सेस) कोनाचे दशांश वाढवून घ्यावेत, नाहीतर 0.05 अंशही शून्यच दिसतो आणि आपण निर्धास्त होतो. मी आता दोन्ही टोकांपासूनचे अंतर मोजते. ते साधन तिथेच आहे आणि अधिक खात्रीचे आहे.

वक्र रेषांच्या बाबतीत अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. वर्तुळाची समांतर वक्ररेषा वर्तुळच असते; लंबवर्तुळाची मात्र लंबवर्तुळ नसते, हा भूमितीचाच नियम आहे, आणि म्हणून ऑटोकॅडही तिथे स्प्लाइन, म्हणजे मुक्त वक्ररेषा, काढून देते. जुन्या घरांच्या खिडक्यांवरील बसक्या कमानी मी मुळातच तीन चापांनी काढते. बांधणारा मेस्त्रीही फळीवर खिळा ठोकून आणि दोरी ताणून ती तशीच आखतो, आणि चाप असल्यामुळे चौकटीची जाडी समांतर साधनाने बिनतक्रार निघते.

लिब्रेकॅडमधल्या समांतर रेषेला स्मृती नाही, हे सर्वांत मोठे न्यून म्हणून नोंदवावे लागेल. मूळ रेषा सरकवली की समांतर रेषा जागच्या जागी राहते. ऑटोकॅडमध्ये 2010 च्या आवृत्तीपासून समांतरपणाचे बंधन घालता येते, ज्यामुळे एक रेषा फिरवली की दुसरीही तिच्यासोबत फिरते. फ्रीकॅड या दुसऱ्या मुक्त प्रणालीच्या स्केचरमध्येही ते आहे. यंत्राच्या सुट्या भागांच्या आरेखनात अशा बंधनाशिवाय काम करणे कठीण आहे, आणि ते काम करणाऱ्यांनी लिब्रेकॅडच्या वाटेला जाऊ नये. त्याच वर्गात ऑटोकॅडची आणखी एक बारीक सोय येते: दोन समांतर रेषांना फिलेट (दोन रेषा चापाने जोडणारी आज्ञा) लावला, की त्रिज्या कितीही भरलेली असो, दोन्ही टोके अर्धवर्तुळाने जोडली जातात. खाचा काढणाऱ्यांना तिचे मोल कळते. घरांच्या नकाशात मला ती वर्षातून एकदा लागते. मालक सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे सांगतो अशा घरांच्या कामातही बंधने उपयोगी पडली असती, हे मान्य. पण मी पाहिलेल्या आरेखकांपैकी फारच थोडे ती घरांच्या नकाशात वापरत होते. भिंत सरकली, की आम्ही सारे जुनी रेषा पुसून नवी समांतर काढतो.

फाइलच्या स्वरूपाचा अडथळा समांतर रेषांच्या बाहेरचा असला, तरी निर्णय घेताना टाळता येत नाही. लिब्रेकॅड डीएक्सएफ या देवाणघेवाणीच्या स्वरूपात जतन करते आणि डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या मूळ स्वरूपाची, फाइल काही प्रमाणात उघडते, पण डीडब्ल्यूजीमध्ये जतन करत नाही. माझा संरचना अभियंता डीएक्सएफ स्वीकारतो, म्हणून माझे निभावते. ज्यांच्याकडे डीडब्ल्यूजीचाच आग्रह धरला जातो, त्यांनी ही गोष्ट आधी सोडवावी आणि मगच बाकीच्या गुणदोषांकडे पाहावे.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी लिब्रेकॅडवर एकच खोली काढायला लावते: आत 3000 बाय 3600, भिंत 230, आत 12 आणि बाहेर 20 गिलावा, सारे समांतर साधनाने. बहुतेकांची खोली पहिल्या फेरीत 2976 ची येते. मग मी त्यांना पॉलिलाइनच्या मेनूतले ते दडलेले साधन दाखवते आणि तीच खोली पुन्हा काढायला सांगते.